दिवसाचा सांभाळ

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज अनंत चतुर्दशी. दुपारपर्यंत वयोश्रीचे अर्ज भरत बसले. अंगणवाडीची बाई म्हणून गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे कागद माझ्याकडेच येतात. मुख्यमंत्री वयोश्री योजना यंदा फेब्रुवारीत निघाली. वय पासष्टच्या पुढं, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर खात्यावर एकदाच ३,००० रुपये. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, तिपायी काठी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा, ज्याला जे लागेल ते घ्यायचं. आमच्या आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, अर्ज मी कमोडच्या खुर्चीसाठीच केलाय.

चार घरं पलीकडची सून तिच्या सासऱ्यांचे कागद घेऊन आली. त्यांची डावी बाजू गेलीय, आणि माणूस अंगानं थोराड. फॉर्म भरून झाला तरी ती उठेना. मग म्हणाली, "ताई, खुर्ची येईल हो. पण मामांना उचलून तिच्यावर बसवायला दुसरं माणूस कुठनं आणू? त्याचा काही फॉर्म असतो का?"

नसतो, असं तिला सांगितलं. रात्री पुन्हा तेच मनात आलं. ११ तारखेला केंद्रानं सत्तरीपुढच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत द्यायचं मंजूर केलं. दवाखान्याची सोय झाली, वस्तूची झाली, महिन्याला श्रावणबाळचे १,५०० मिळतात. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जी बाई त्या म्हाताऱ्या माणसाजवळ असते, तिच्या दिवसाची सोय यातल्या कुठल्याच कागदावर नाही.

नवरात्र ३ तारखेला बसतंय. आमच्या केम गावातल्या कुंकवाच्या कारखान्यांना या दिवसांत उसंत नसते. इथलं कुंकू पंढरपूर-तुळजापूरपासून कुठं कुठं जातं. पुड्या भरायला बायका हव्या असतात आणि बायकांनाही चार पैसे हवे असतात. ही सून दरवर्षी जायची. गेली दोन नवरात्रं ती घरातच आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज आत्यांना अंगणवाडीत घेऊन गेले. हे उडीद काढायला रानात, लेक नर्सिंगच्या कॉलेजला, शेजारच्या काकू गावाला. आत्यांना एकटं ठेवलं की त्या माहेरी निघतात. त्यांचं माहेर परांड्याकडं, आई-बाप जाऊन चाळीस वर्षं झाली, पण पिशवीत लुगडं भरून त्या रेल्वे फाटकापर्यंत गेलेल्या आहेत. सोलापूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त जणांना तो आहे, २०२३ साली जाहीर झालेल्या अभ्यासात ७.४ टक्के असा आकडा दिलाय. म्हणजे ८८ लाख माणसं. आमच्या गल्लीत याला म्हातारचळ म्हणतात आणि दार ओढून घेतात.

अंगणवाडीत आत्या भिंतीला टेकून बसल्या. मदतनीस ताईंनी खिचडीसाठी निवडायला घेतलेली मूगडाळ त्यांनी आपल्याकडं ओढली आणि ताटात पसरली. बोटांनी खडा बाजूला, डाळ अलीकडं, पुन्हा खडा बाजूला. घरी त्या एका जागी पाच मिनिटं बसत नाहीत, इथं तासभर हलल्या नाहीत. एक पोरगी त्यांच्या मांडीला रेलून 'चिऊ कुठंय' विचारत होती, आणि त्या प्रत्येक वेळी नव्यानं सांगत होत्या. पोरीला तेच हवं होतं.

नेमक्या आज वरच्या मॅडम भेटीला आल्या. त्यांनी आत्यांना नमस्कार केला, चौकशी केली आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं रोज चालणार नाही हो. उद्या त्या पडल्या, एखाद्या पोराला लागलं, तर उत्तर कुणी द्यायचं?" त्यांचं बरोबर आहे. ही जागा सहा वर्षांच्या आतल्या लेकरांची. त्यांच्यासाठी किती वस्तीला एक अंगणवाडी ते ठरलेलं आहे, सेविका, मदतनीस, वजनकाटा, आहार, सगळं लिहिलेलं आहे. पाळणाघराचं तर आणखी बारीक लिहिलंय: महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. कामावर जाणाऱ्या आईच्या अडचणीची दखल सरकारनं घेतली, त्याचे नियम झाले, त्याला पैसे लागले. मग ऐंशीच्या म्हातारीपायी जी घरात अडकली, तिच्या अडचणीची दखल का घेता येऊ नये?

२२ सप्टेंबर, रविवार

पंचमी. आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची, तिथी. पहाटे चारला उठले. नणंदबाई कालच पुण्याहून आल्यात.

पानं वाढायच्या वेळेला आत्या आरशासमोर उभ्या होत्या. कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझं कुंकू कुणी पुसलं गं?" मामा जाऊन अकरा वर्षं झाली, हे त्यांच्या लेखी घडलेलंच नाही. गेल्या वर्षी मी त्यांना खरं सांगितलं होतं, तर त्या त्याच दिवशी विधवा झाल्यासारख्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आज मी करंडा घेतला आणि त्यांना लावलं. नणंदबाईंचा चेहरा उतरला. "वहिनी, आजच्या दिवशी? लोक काय म्हणतील?" पंगतीला आलेल्या एका काकांनी मान फिरवली.

मी म्हटलं, "वन्सं, ज्या गावात आपल्या आईनं जन्मभर कुंकवाच्या पुड्या भरल्या, तिथं तिनं मागितलेलं चिमूटभर कुंकू मी कशी नाकारू? आणि नाकारलं तर पुढं दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार आहे?" त्या काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनीच आत्यांना कुशीत घेतलं. संध्याकाळी म्हणाल्या, "मी मंगळवारपर्यंत राहते."

२३ सप्टेंबर, सोमवार

नणंदबाई आत्यांच्या खोलीत झोपल्या. मी सलग झोपले. सकाळी डोकं हलकं होतं. अंगणवाडीतून परस्पर घरी पळायचं नव्हतं, म्हणून गृहभेटी सावकाश केल्या, उत्तरेश्वराच्या देवळात जाऊन बसले. पाठीमागून कुणाची हाक येणार नाही एवढ्या खात्रीनंच खांदे खाली आले. दोन दिवस दुसऱ्या कुणी सांभाळलं तर आत्यांशी माझा आवाज किती मऊ होतो, हे मला स्वतःला ऐकू येत होतं. सांभाळणाऱ्याला मिळालेली विश्रांती शेवटी म्हाताऱ्या माणसाच्याच वाट्याला येते. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना ही चैन वाटते.

२५ सप्टेंबर, बुधवार

ग्रामपंचायतीतून २००७ चा कायदा छापून आणला, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम. राज्याचे नियम २०१० चे. दोन रात्री वाचतेय.

मुलं सांभाळत नसतील तर म्हाताऱ्या माणसानं न्यायाधिकरणाकडं अर्ज करायचा, म्हणजे प्रांतांकडं. आम्हाला कुर्डुवाडी. नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. सांभाळायच्या अटीवर जमीन नावावर करून घेऊन मुलं बघेनाशी झाली तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्रसुद्धा रद्द होऊ शकतं. टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम काढायचं राज्यावर सोपवलंय. हा कायदा हवाच होता. घराबाहेर काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण 'निर्वाह' यात काय येतं, तर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. घास भरवणं, कूस बदलणं, रात्री चार वेळा उठणं यातलं काही त्यात नाही. आणि 'अपत्य' म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीच. २०१९ च्या डिसेंबरात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. त्यात सून आणि जावई यांना अपत्यांत घेतलं होतं आणि कैद सहा महिन्यांपर्यंत वाढवली होती. त्याच विधेयकात ज्येष्ठांसाठी दिवसाची सेवाकेंद्रं आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था यांची व्याख्या होती, त्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती. मला हवा होता तो नियम तिथं लिहिलेला होता. विधेयक समितीकडं गेलं, पास झालं नाही, आणि यंदा लोकसभा विसर्जित झाली तसं तेही संपलं.

म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सेवा कायद्यानं पाहिली ती भांडण म्हणून. भांडण झालं की दार उघडतं. जिथं भांडण नाही, सून मुकाट्यानं करते आहे, तिथं सरकारला यायला दारच नाही. ती सून कायद्याच्या मसुद्यात आली तीसुद्धा उद्या जिच्यावर अर्ज होऊ शकेल अशी म्हणून.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्टेशनकडच्या मावशींकडं गेले होते. त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. दाढी मावशी करतात. दाढी करताना त्याला डबल बॅटरीचा जुना टॉर्च हातात देतात, तो लावतो-विझवतो आणि तेवढा वेळ मान स्थिर ठेवतो. कुठं शिकलात विचारलं तर म्हणाल्या, "शिकवतंय कोण? गाल दोनदा कापल्यावर सुचलं."

त्यांना मी सांगितलं की तुमच्या मुलासाठी कायद्यात जास्त लिहिलंय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 'विकास' नावाची योजना आहे. दहा वर्षांवरच्यांसाठी दिवसाचं केंद्र, रोज किमान सहा तास. 'समर्थ' नावाची दुसरी आहे, तीत घरच्यांना अडचण असली, विश्रांती हवी असली तर माणसाला राहायची सोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्याच आहे, आई-वडील, घरचे, पगारी किंवा बिनपगारी. ज्याला जास्त आधार लागतो त्याच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "कुठंय ते केंद्र?" केंद्र नोंदणीकृत संस्थेनं काढायचं असतं. संस्था शहरात असतात. रोज सकाळी त्याला गाडीत घालून शहराला न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं, तर मावशींचा दिवस रस्त्यातच जाईल. ज्येष्ठांचं तेच. १९९२ पासून चाललेल्या केंद्र सरकारच्या योजनेत दिवसाची केंद्रं होती, पुढं घरच्यांना उसंत देणारी निवासी केंद्रंही आली, पण ती संस्थेनं प्रस्ताव पाठवला तर. आपल्या भागातून प्रस्ताव कोण पाठवणार? गावात कायम असते ती ग्रामपंचायत.

मावशी दारापर्यंत आल्या. "माझ्या माघारी ह्याचं काय, हे मी कुणाला विचारत न्हाय. मला नुसतं आठवड्यातनं एकदा बाजाराला निवांत जायचंय."

२९ सप्टेंबर, रविवार

लेक घरी आली. तिच्या बरोबरीच्या काही मुली जपानी शिकतायत, तिकडं म्हाताऱ्यांच्या सेवेला माणसं हवी आहेत म्हणून. तिथं २००० सालापासून सेवेचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. सकाळी गाडी दाराशी येते, आजीला केंद्रात नेते, अंघोळ, जेवण, व्यायाम, आणि संध्याकाळी परत सोडते. ते आपल्याला आज परवडणार नाही हे मला कळतं. पण केरळ परवडणाऱ्यातलं आहे. तिथं पंचायती 'पकल वीडु' चालवतात, दिवसाची घरं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देणारी 'आश्वासकिरणम' योजना आहे. रक्कम थोडी आहे. पण ती सांभाळणाऱ्याच्या नावानं निघते, हे मला फार मोठं वाटतं.

मग आम्ही दोघींनी केमसाठी नियम लिहायला घेतले. लेक कॉलेजातलं सांगत होती, मी घरातलं. खोली तळमजल्याची, उंबरा नसलेली. संडास आतच, कमोडचा, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. दाराला कडी अशी की आतून चटकन निघणार नाही, पण आग लागली तर बाहेरचा एका हातानं उघडेल. आत्यांसाठी ही कडी मी मनात कितीदा बसवली असेल. पाच माणसांमागं एक बाई. जी अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांना इथं आणायचं नाही, त्यांच्या घरी बाई पाठवायची. गोळ्या घरूनच नाव घातलेल्या डबीत. बांधून ठेवणं नाही, कुठल्याही कारणानं नाही. कुणी पडलं तर आधी १०८, मग घरच्यांना फोन. महिन्याला आरोग्य केंद्रातून तपासणी. संध्याकाळी न्यायला कोण येणार त्याचं नाव वहीत, दुसऱ्याच्या हाती माणूस द्यायचं नाही.

लेक म्हणाली, "आई, बांधायचं नाही हे पहिलं लिही." मी ते वर घेतलं. गृहभेटीत एका घरी ओढणीनं खाटेला बांधलेला हात पाहिला होता. बांधणारी बाई वाईट नव्हती. तिला गिरणीतून दळण आणायचं होतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन, आणि उद्याच्या ग्रामसभेआधीची महिला सभा. नेहमी दहाबारा जणी येतात, आज हॉल भरला. मी आठवडाभर घरोघरी सांगत होते, शिवाय चार घरं पलीकडच्या सुनेनं कुंकवाच्या कारखान्यांच्या दारात उभं राहून बायकांना निरोप दिले होते. काही जणी थेट कामावरून आल्या, कोपरापर्यंत लाल.

पहिल्यांदा कुणी बोलेना. सासू-सासऱ्यांचं जड होतंय असं चारचौघांत म्हणायचं म्हणजे आपणच वाईट ठरायचं. शेवटी एक आजी उठल्या, स्वतः सासू असलेल्या. म्हणाल्या, "माझी सून माझ्यापायी पाच वर्षं माहेरी ऱ्हायली न्हाय. मला दिवसभर कुठंतरी बसवा की. मला पण तिच्या तोंडाकडं बघून कंटाळा आलाय." सगळ्या हसल्या आणि मग बोलायला लागल्या. कुणाची रात्रीची झोप, कुणाचं पाठीचं दुखणं, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला जाता आलं नाही. ठराव एकमतानं झाला. तोंडी नको, इतिवृत्तात लिहा, असं मी दोनदा सांगितलं आणि लिहिल्यावर वाचून घेतलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री अमावस्या असल्यानं ग्रामसभेला माणसं उशिरा जमली. कोरमला शंभर जण लागतात, ते साडेअकराला झाले. आजपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम सुरू होते, म्हणून विषय आजच घ्यायला हवा होता.

गटार, पाणंद रस्ता, पथदिवे झाल्यावर आमचा नंबर आला. जुन्या शाळेची बंद खोली मागितली. एकजण म्हणाले, "म्हातारी माणसं घरात शोभतात. असली केंद्रं काढली तर पोरं आई-बापांना तिथंच टाकून जातील." मला याचा राग आला नाही, कारण ही भीती खरी आहे. मी म्हटलं, "दादा, सकाळी दहाला आणायचं, पाचला न्यायचं. रात्री कुणी तिथं राहणार नाही. घरात शोभायचं तर घरातलं माणूस उभं राहायला नको का?" चार घरं पलीकडच्या सुनेच्या सासऱ्यांचा थोरला मुलगा मागं उभा होता. तो पुढं येऊन म्हणाला, "मी शेतातनं सातला येतो. बापाला दिवसभर कोण उचलतंय मला म्हाईत नव्हतं." एवढंच बोलून तो बसला.

खरी गाठ पैशात होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नीट समजावून सांगितलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून खोलीची डागडुजी, संडास, उतार बसेल. पण त्यातून पगार देता येत नाही. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव आहे, तो ज्येष्ठांच्या केंद्रावर टाकता येणार नाही. घरपट्टीतून थोडं काढता येईल. बाकी घरटी वर्गणी. हिशोब जमेना. मागच्या बाजूनं स्टेशनकडच्या मावशी उठल्या. "माझा पोरगा दिव्यांग हाय. त्यो पण दिवसभर बसंल तिथं. मग त्यो पाच टक्केवाला पैसा चालंल का?"

भाऊसाहेब थांबले, पुस्तिका चाळली, म्हणाले, दिव्यांग लाभार्थ्यांच्या संख्येच्या प्रमाणात खर्च त्यातून दाखवता येईल, वरून मार्गदर्शन मागवतो. मग ठरावातले 'साठ वर्षांवरील' हे शब्द खोडले आणि तिथं 'ज्यांना दिवसभर दुसऱ्या माणसाची गरज लागते अशा सर्व प्रौढ व्यक्ती' असं घातलं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दहा ते पाच, दहा माणसं, दोन बाया. घरी जाऊन उचलायला मदत करणारा एक गडी, अर्धा दिवस. नियमांचं पान मी जोडलं. त्यातलं बांधून न ठेवण्याचं कलम सरपंचांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

खोलीची किल्ली शाळेकडं आहे. शुक्रवारी मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा, संडासाचं माप घ्यायला गवंड्याला न्यायचं, आणि मार्गदर्शनाचं पत्र भाऊसाहेबांकडून माझ्यासमोर जावक नोंदवून घ्यायचं. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता केव्हाही लागेल, त्याआधी हे कागद पुढं गेले पाहिजेत.